नकाशावरून पुसलेला देश आणि त्याची माणसे

इ. स. १७९५ हे साल मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यास दोन गोष्टींसाठी आठवते. त्या वर्षाच्या मार्चात खर्ड्याच्या रणांगणावर निजामाचा पाडाव झाला आणि ऑक्टोबरात शनिवारवाड्यात सवाई माधवरावांचा अकाली अंत झाला. पुण्यावर हा आघात झाला त्याच ऑक्टोबर महिन्यात, तेथून हजारो कोसांवर, युरोपच्या मध्यभागी असलेल्या एका प्राचीन राज्याचा उरलासुरला तुकडा तिघा बलाढ्य शेजाऱ्यांनी आपसांत वाटून घेतला. ते राज्य म्हणजे पोलंड, आणि ते शेजारी म्हणजे रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया. पहिली वाटणी १७७२ साली झाली, दुसरी १७९३ साली आणि तिसरी १७९५ साली. आदल्याच वर्षी कोशचुश्को नावाच्या सेनानीने कोयते परजलेल्या शेतकऱ्यांसह उठाव करून पाहिला होता. तो मोडून पडला. त्यानंतर १९१८ सालापर्यंत, म्हणजे तब्बल १२३ वर्षे, युरोपच्या नकाशावर पोलंड हा स्वतंत्र देश नव्हता.

एखाद्या कुळाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढावी आणि गावदप्तरात त्या कुळाचा मागमूसही राहू नये, तशी ह्या राष्ट्राची गत झाली. परंतु दप्तरातून नाव गेले म्हणून कुळ संपत नाही. ह्या परागंदा राष्ट्राने त्या सव्वाशे वर्षांत आणि त्यानंतरही जगाला जे दिले, त्याचा पसारा पाहिला म्हणजे मन थक्क होते. त्यातील चमत्कारिक गोष्ट अशी की, देणगी जगाच्या नित्य वापरात राहिली आणि दात्याचे नाव मात्र मागे पडले. कित्येकांना जग फ्रेंच समजते, कित्येकांना इंग्रज, आणि काहींना तर मुळीच ओळखत नाही. ह्या विस्मृतीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. कारण त्या देशाची काही माणसे आपल्या दाराशी आली, आपल्यांत राहिली, आपल्यासाठी राबली. आणि त्यांची नावे आपल्याही घरांतून क्वचितच ऐकू येतात.

पोलंडचा पहिला जगद्विख्यात पुरुष मात्र ह्या फाळण्यांच्या फार पूर्वीचा. निकोलस कोपर्निकस १४७३ साली तोरुन शहरी जन्मला. ते शहर तेव्हा पोलंडच्या राजाच्या अमलाखाली होते, आणि त्याचे शिक्षण क्राकोव्हच्या विद्यापीठात झाले. त्याच्या घरची भाषा जर्मन होती म्हणून जर्मन लोकही त्याजवर हक्क सांगतात. तो वाद तूर्त बाजूस ठेवू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपल्याकडे आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले होते. कोपर्निकसाने त्यापुढे जाऊन पृथ्वीसह सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात अशी समग्र मांडणी गणितासह केली. हा ग्रंथ त्याने वर्षानुवर्षे जवळ ठेवला होता. अखेर एका तरुण शिष्याच्या आग्रहावरून तो १५४३ साली छापला गेला, आणि त्याच वर्षी कोपर्निकसाचा देहान्त झाला. माणसाच्या पायाखालची स्थिर भूमी हलविणारा हा विद्वान पोटापाण्यासाठी चर्चचा कारभार पाहत असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आकाशातून घरात येऊ. वीज येण्यापूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आणि शहरांतल्या चाळींतही रात्रीचा आधार म्हणजे रॉकेलचा दिवा. चिमणी असो, कंदील असो, की भिंतीवरचा दिवा असो, त्या उजेडात तीन पिढ्यांनी अभ्यास केला. ह्या दिव्याच्या जन्मदात्यांत अग्रभागी नाव येते ते इग्नात्सी वुकाशेव्हिच ह्या पोलिश औषध-विक्रेत्याचे. स्वातंत्र्याच्या कटात सामील झाल्यावरून ऑस्ट्रियाच्या सरकारने त्याला तुरुंगात टाकले होते. सुटून आल्यावर ल्वूव्ह शहरातील एका औषधालयात तो नोकरीस राहिला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. तेथे एका सहकाऱ्यासह त्याने जमिनीतून झिरपणाऱ्या काळ्या तेलाचे ऊर्ध्वपातन केले आणि त्यातून स्वच्छ जळणारे तेल काढले. एका पत्रेकाराकडून त्या तेलाला साजेसा दिवा करवून घेतला. ३१ जुलै १८५३ रोजी तेथील रुग्णालयात एका रोग्यावर रात्रीच तातडीची शस्त्रक्रिया करणे प्राप्त झाले, ती ह्या दिव्याच्या उजेडात पार पडली. पुढच्याच वर्षी त्याने खनिज तेलाची विहीर खणविली. त्याच सुमारास कॅनडातही असे तेल निघाले होते, तेव्हा सर्व श्रेय एकट्याचे नव्हे. परंतु तुरुंगातून सुटलेल्या एका देशभक्ताने पहिला उजेड रुग्णाच्या खाटेशी नेला, ही गोष्ट विसरू नये अशीच आहे. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. ती ओगलेवाडी औंध संस्थानात होती. त्या संस्थानाचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

दिव्याप्रमाणे ताटातल्या भाताचीही एक कथा आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे नावाचे गाव आहे. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल ह्या घाटाने वर चढून जुन्नर-पैठणकडे जात असे. ह्या सगळ्या टापूचे मुख्य पीक भाताचे. गिरण्या येण्यापूर्वी तेथील घराघरांतून उखळात भात घालून मुसळाने सडण्याची चाल होती. हातसडीच्या तांदळाला थोडा कोंडा चिकटून राही, त्यामुळे भात किंचित तांबूस दिसे. गिरणी आली आणि शुभ्र, गुळगुळीत तांदूळ हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. पूर्वेकडील देशांत अशा शुभ्र तांदळावर जगणाऱ्या माणसांना बेरीबेरी नावाचा रोग जडे. हातपाय लुळे पडत, हृदय थकत जाई. जावा बेटात एका डच वैद्याने कोंबड्यांवर प्रयोग करून ह्या रोगाचा संबंध सडलेल्या तांदळाशी आहे हे दाखविले होते. पण कोंड्यात नेमके असते काय, ह्याचा शोध घेण्यास लंडनमध्ये एक तरुण रसायनज्ञ बसला. तो वॉर्सात १८८४ साली जन्मलेला काझिमिर फुंक. नुसत्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेली कबुतरे लुळी पडत, आणि कोंड्यापासून काढलेला अर्क अत्यल्प प्रमाणात दिला की ती सावरत. १९१२ साली त्याने असे प्रतिपादन केले की, बेरीबेरी, स्कर्व्ही इत्यादी रोग विषामुळे वा जंतूमुळे होत नसून अन्नातल्या कसल्याशा सूक्ष्म द्रव्याच्या अभावी होतात. त्या द्रव्यांना त्याने 'व्हिटॅमिन' हे नाव दिले. तांदळातले ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती यावयास १९२६ साल उजाडावे लागले, आणि तेही काम दुसऱ्यांच्या हातून झाले. तरी कल्पना आणि नाव फुंकचे. आज जीवनसत्त्व हा शब्द आपल्याकडे शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. उखळाशी बसलेल्या आपल्या आज्यांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण ती वस्तू त्या नित्य रांधून वाढीत होत्या.

पोलंडच्या कन्येत जे नाव सर्वांच्या ओठी आहे ते मादाम क्यूरी यांचे. तथापि तेही नाव अर्धेच आहे. त्यांचे माहेरचे नाव मारिया स्क्वोदोव्हस्का. १८६७ साली त्या वॉर्सात जन्मल्या तेव्हा त्या शहरावर रशियाची सत्ता होती. पोलिश भाषेवर बंधने होती आणि स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती. तेव्हा पोलिश लोकांनी एक गुप्त विद्यापीठ चालविले. आज ह्या घरी, उद्या त्या घरी असे त्याचे वर्ग भरत, म्हणून त्याला 'फिरते विद्यापीठ' म्हणत. मारिया तेथे शिकल्या. त्यानंतर परक्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून काही वर्षे राहून त्यांनी थोरल्या बहिणीला पॅरिसला वैद्यकी शिकण्यास पैसा पाठविला. बहीण मार्गी लागल्यावर, १८९१ साली, त्या स्वतः पॅरिसला गेल्या. १८९८ साली पती पिएर यांच्यासह त्यांनी दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. त्यांतल्या पहिल्याला त्यांनी 'पोलोनियम' हे नाव दिले. ज्या देशाला नकाशावर जागा नव्हती, त्याचे नाव त्यांनी मूलद्रव्यांच्या तक्त्यात कायमचे कोरले, आणि तेथून ते पुसण्याची ताकद कोणत्याही सम्राटात नव्हती. दुसरे द्रव्य रेडियम. छपराच्या पडवीत खनिजाचे टनांनी ढीग उकळून, ढवळून, गाळून १९०२ साली त्यांच्या हाती एका ग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे रेडियमचे क्षार आले. त्याच्या कृतीचे पेटंट घेतले असते तर गडगंज संपत्ती मिळाली असती. परंतु ज्ञान सर्वांचे आहे म्हणून दोघांनी ते घेतले नाही. १९०३ साली पदार्थविज्ञानाचे आणि १९११ साली रसायनशास्त्राचे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली. मुंबईत परळला १९४१ साली टाटा रुग्णालय उघडले. तेथे कर्करोगाच्या रुग्णांवर जे किरणोपचार होत आले, त्या उपचारांचा उगम शोधू गेले तर तो पॅरिसच्या त्या गळक्या पडवीत सापडतो.

देश सोडून गेलेल्यांत कलावंतही होते. फ्रेडरिक शोपँ हा पियानोवादक १८३० साली वॉर्सातून बाहेर पडला. पाठोपाठ तेथे उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि शोपँला मायभूमी पुन्हा दिसली नाही. १८४९ साली तो पॅरिसला निवर्तला. देह तेथेच पुरला, पण त्याच्या इच्छेनुसार त्याचे हृदय वॉर्साच्या चर्चमध्ये नेऊन ठेवण्यात आले. दुसरा जोझेफ कॉनरॅड. इंग्रजी कादंबरीकारांत त्याची गणना पहिल्या श्रेणीत होते. परंतु त्याचे मूळ आडनाव कोझेन्योव्हस्की. बाप देशकार्यापायी रशियात हद्दपार. आई व बाप दोघेही मुलाच्या लहानपणीच गेले. मुलगा खलाशी झाला आणि विशी गाठताना इंग्रजी शिकू लागला. १८८४ साली तो मुंबईत होता. येथेच त्याने 'नार्सिसस' नावाच्या शिडाच्या जहाजावर अधिकाऱ्याची जागा पत्करली आणि मुंबई बंदरातून तो युरोपला गेला. त्या सफरीवर त्याने पुढे जी कादंबरी लिहिली ती १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ मुंबईच्या बंदरातच होतो. इंग्रजी साहित्यातील एका श्रेष्ठ सागरकथेची दोरी अशी आपल्या धक्क्याला बांधलेली आहे.

श्रोतेहो, विस्मृतीचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र गणितातले आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्य आपले संदेश 'एनिग्मा' नावाच्या यंत्राने लिहू लागले. एक कळ दाबली की फिरत्या चाकांमुळे भलतेच अक्षर उमटे, आणि पुढच्या वेळी तीच कळ दाबली तर तिसरेच. १९३२ सालच्या डिसेंबरात मारियान रेयेव्हस्की ह्या सत्तावीस वर्षांच्या पोलिश गणितज्ञाने, फ्रेंचांनी मिळवून दिलेल्या काही कागदांचा आधार घेऊन, यंत्र न पाहता नुसत्या गणिताने त्याची अंतर्रचना उलगडली. झिगाल्स्की आणि रुझित्स्की हे त्याचे सोबती. जुलै १९३९ मध्ये, युद्ध भडकण्यास जेमतेम पाच आठवडे राहिले असताना, पोलिश अधिकाऱ्यांनी हे सगळे ज्ञान इंग्रज व फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हवाली केले. त्या पायावर इंग्रजांनी पुढचे मोठे काम उभारले, आणि युद्धाच्या निकालाला त्याचा हातभार लागला. पण हे गुपित १९७० नंतरपर्यंत दडलेले राहिले. युद्ध संपल्यावर रेयेव्हस्की मायदेशी परतला आणि कचेऱ्यांतून हिशेबनिसाची साधी नोकरी करीत निवृत्त झाला. शेजारच्या मेजावर कोण बसला आहे हे त्याच्या सहकाऱ्यांना ठाऊक नव्हते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आले, आणि अवघ्या एकवीस वर्षांच्या स्वातंत्र्यानंतर तो देश पुन्हा वाटला गेला. जर्मनांच्या ताब्यातील वॉर्सात ज्यू लोकांना भिंतीआड कोंडण्यात आले. तेथे यानुश कोर्चाक नावाचे एक वैद्य व लेखक अनाथाश्रम चालवीत असत. मुलांनाही हक्क असतात, त्यांच्या तक्रारींचा निवाडा मुलांच्याच न्यायसभेने करावा, अशी त्यांची शिकवण. १८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या आश्रमातील मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथांचे 'डाकघर'. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, ती ही कथा. पुढे तीन आठवडेही लोटले नाहीत तोच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्या सुमारे दोनशे मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेण्यात आले. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचविण्याच्या संधी आल्या होत्या. त्यांनी त्या नाकारल्या आणि ते मुलांसमवेत गेले. बालकांच्या हक्कांची सनद संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केली. तिचा प्रस्ताव १९७८ साली पोलंडने मांडला होता, हा योगायोग खास नव्हे.

पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सोव्हिएत सरकारने सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत हाकलून दिले होते. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि त्यांतील हजारो बायकामुले १९४२ साली इराणात पोहोचली. भुकेने खंगलेल्या ह्या जिवांना थारा कोण देणार? त्या वेळी हिंदुस्थानातील दोन संस्थानांत त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे शेकडो अनाथ मुलांना आश्रय दिला. दुसरी, आणि कितीतरी मोठी, वसाहत महाराष्ट्रात, कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे १९४३ साली वसली. पंचगंगेच्या परिसरात बैठ्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. पुरुष लढाईवर होते किंवा हयात नव्हते.

ह्या लोकांनी त्या वसाहतीत काय केले? त्यांनी प्रथम शाळा उघडल्या. चर्च बांधले, बालवीरांची पथके काढली, नाटके बसविली, आपले सण पाळले. राष्ट्र म्हणजे नुसती जमीन नव्हे, हा धडा त्यांच्या पणज्यांनी १२३ वर्षे गिरवला होता. तोच त्यांनी पंचगंगेच्या काठी पुन्हा गिरवला. शेजारच्या बाजारात कोल्हापूरकरांशी त्यांची देवघेव झाली, मुलांच्या कानांवर मराठी पडली. छावणीतील एका मुलीने तर कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न केले आणि ती येथलीच सून होऊन राहिली. जी माणसे येथेच वारली त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत. १९४८ साली वसाहत रिकामी झाली. तोवर मायदेशात कम्युनिस्ट राजवट बसली होती, आणि कित्येकांची गावे रशियाच्या हद्दीत गेली होती. म्हणून बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. मोकळ्या झालेल्या त्याच घरांत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली. आजची गांधीनगरची गजबजलेली बाजारपेठ ती हीच. एका फाळणीच्या निर्वासितांनी सोडलेली चूल दुसऱ्या फाळणीच्या निर्वासितांनी पेटविली. २०१९ साली वळिवड्यास स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, त्या वेळी वार्धक्याला पोहोचलेली तेव्हाची मुले येऊन गेली. खुद्द वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे; भारताच्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे पुष्पचक्र वाहिले.

वळिवड्याची कथा महाराष्ट्राने दिलेल्या आश्रयाची आहे. औंधची कथा नेमकी उलटी आहे. ती महाराष्ट्राने घेतलेल्या देणगीची आहे. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधील ज्यू घराण्यातला विद्युत्-अभियंता. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या निमंत्रणावरून तो १९३५ च्या सुमारास बंगळुरास आला आणि तेथील सरकारी विजेच्या कारखान्याचा प्रमुख झाला. रमण महर्षींच्या आणि गांधीजींच्या सहवासात त्याने भगवी वस्त्रे धारण केली व भारतानंद हे नाव घेतले. अभियंत्याची बुद्धी त्याने चरख्याकडे वळविली. अत्यंत स्वस्त व सुटसुटीत अशी धनुष तकली ही त्याचीच करामत.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे प्रसारक आणि चित्रकलेचे आश्रयदाते म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, जे पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, त्यांची व भारतानंदांची मैत्री जुळली. राजाने आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती द्यावी, ही कल्पना त्या मैत्रीतून पुढे आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये भवानरावांनी तशी घोषणा केली. भारतानंद आणि आप्पासाहेब मसुदा घेऊन गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्यात स्वतः लक्ष घातले, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना जाहीर झाली. बहात्तर गावांचे आणि सुमारे पाऊण लाख वस्तीचे ते चिमुकले संस्थान. प्रत्येक गावाने आपले पंच निवडावे, पंचांतून तालुक्याची समिती व्हावी, आणि तिच्यातून संस्थानचे विधिमंडळ. राजाने ठरावीक नेमणुकीवर राहावे. महाराष्ट्र राज्यात १९६२ साली ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी जी तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू झाली, तिच्याशी साम्य असणारा हा प्रयोग दोन तपांपूर्वी एका संस्थानात होऊन गेला होता. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग संपला.

भारतानंदांच्या प्रेरणेचे आणखी एक फळ आटपाडीजवळ आहे. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता, त्यांच्या बायकामुलांसह मोकळ्या माळावर शेती करू द्यावी, आणि विश्वास हाच पहारा असावा, ह्या विचाराने १९३९ साली तेथे स्वतंत्रपूर ही वसाहत निघाली. त्याच आटपाडीच्या मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी ह्या वसाहतीवरून सुचलेली कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनी तिच्यावरून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो चित्रपट न पाहिलेले सुशिक्षित मराठी घर विरळा. आणि त्याच्या मुळाशी एक पोलिश अभियंता होता हे ठाऊक असलेले घर त्याहूनही विरळा.

आयुष्याच्या उत्तरार्धात भारतानंद मुंबईस राहिले. तेथे खेतवाडीत, विड्यांचे दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज आपल्या माडीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी मराठीत अध्यात्माचे संवाद करीत. शालेय शिक्षण बेताचे, मठ नाही, लवाजमा नाही. ह्या माणसाच्या बोलण्याचे मोल भारतानंदांनी ओळखले. मराठी संवादांच्या ध्वनिफितींवरून त्यांनी इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. 'आय ॲम दॅट' ह्या नावाने तो १९७३ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि आज तो जगातील अनेक भाषांत वाचला जातो. खेतवाडीच्या माडीवरची मराठी वाणी अशा रीतीने एका पोलिश माणसाच्या हातून सातासमुद्रापार गेली. १९७६ साली भारतानंदांनी मुंबईतच देह ठेवला. वांदा दिनोव्हस्का ह्या त्यांच्या देशभगिनीने, जिला येथे उमादेवी म्हणत, उलट दिशेने तसेच काम केले. भगवद्गीता पोलिश भाषेत नेणारी ती हीच; ह्या दोघांनी १९४४ साली मद्रासेत पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली होती.

ह्या सर्वांची चरित्रे शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट मनात ठसते. ज्यांच्याकडून देश हिरावला गेला त्यांनी सूड म्हणून जगापासून काही राखून ठेवले नाही. क्यूरींनी कृती खुली केली, रेयेव्हस्कीच्या देशाने आपले गुपित मित्रांच्या हाती सोपविले, भारतानंदांनी परक्या भूमीच्या घटनेवर आपले नाव घातले नाही. नाव राखण्याची जबाबदारी देणाऱ्याची नसते, ती घेणाऱ्याची असते. देवाण-घेवाणीच्या वहीत आपल्या बाजूला वळिवडे आहे, ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्याच पानावर समोरच्या बाजूस स्वतंत्रपूर आणि खेतवाडी लिहिलेली आहेत, तेही वाचावे. घरातल्या मुलांना कंदिलाची, हातसडीच्या तांदळाची, किंवा 'दो आँखें बारह हाथ'ची गोष्ट सांगताना त्या गोष्टीमागचे नावही सांगावे. वुकाशेव्हिच, फुंक, फ्रीडमन ही नावे उच्चारावयास थोडी अवघड आहेत खरी. पण कोल्हापूरच्या छावणीतल्या पोलिश मुलांनाही 'वळिवडे' हा शब्द सुरुवातीस अवघड गेला असेल. ऐंशी वर्षे लोटली तरी त्यांनी तो टाकलेला नाही.